मऊ लागणारं लोखंड

भाऊंच्या घरी चहाला गेलं की आधी कप वाजायचा. मधल्या बोटाच्या नखाने ते कपाच्या काठावर टिचकी मारत, मान तिरकी करून ऐकत आणि मगच वहिनींना चहा ओतू देत. एखादा कप नापास झाला की त्याची रवानगी थेट परसात.

"अहो, धडधाकट दिसतोय की," वहिनी म्हणायच्या.

"तडा दिसायला लागेल तेव्हा चहा तुझ्या पातळावर असेल."

भिसेगावातल्या बायका नवा माठ घेतला की आधी भाऊंच्या ओट्यावर आणून ठेवत. लग्नात आहेर म्हणून आलेली भांडी भाऊ मांडवातच वाजवून बघत, आणि निकाल मोठ्याने सांगत. त्यामुळे नातेवाईक त्यांना मुहूर्ताला न बोलावता थेट जेवायला बोलावत. सगळे त्यांना भाऊच म्हणत, त्यांच्या सासूबाईसुद्धा. "आधी हातात घे, मग मत दे" हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसऱ्याच्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नसे. बाहेर पाऊस पडतोय म्हटलं तरी ते खिडकीतून हात बाहेर काढून खात्री करून घेत. मला हे सगळं फार विनोदी वाटायचं आणि कधी कधी त्याचा वैतागही यायचा.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात. खोपोलीच्या अलीकडे, नदीच्या अंगाला. लालभडक तापवलेलं लोखंड मोठ्या यांत्रिक घणाखाली ठोकून तिथे ट्रकचे सुटे भाग आणि क्रेनला ओझं अडकवायचे आकडे घडवत. मी प्रयोगशाळेत होते. नुकतीच पदवी घेतलेली आणि आपल्याला बरंच कळतं असं वाटणारी. भाऊ माल तपासायचे. म्हणजे काय करायचे, तर प्रत्येक नग साखळीला टांगायचा, छोट्या हातोडीने ठोका द्यायचा आणि ऐकायचं. नग चांगला असेल तर आवाज स्वच्छ येतो आणि लांबवर जातो. आत कुठे केसाएवढी चीर असेल तर तो मध्येच बसतो. भाऊ "जाऊ दे" म्हणाले की नग पुढे जाई, नाही तर भंगारात. त्यावर पुन्हा कुणी शंका घेत नसे.

"ह्या आकड्याखाली कुणीतरी माणूस उभा राहणार आहे," असं ते नव्या पोरांना सांगत. हे ते इतक्या वेळा सांगत की पोरं त्यांच्या मागे नक्कल करत. पण भाऊंना तो माणूस खरोखर दिसत असे. त्याचं नाव-गाव माहीत नसताना ते त्याची काळजी करत.

घणाच्या खात्यात आवाज असा की बोलणं हातवाऱ्यांनीच चाले. कंपनी कानात घालायला कापूस देई. भाऊंनी तो कधी घातला नाही. कानात बोळे कोंबून घणाजवळ उभं राहणं म्हणजे डोळे मिटून पेपर वाचणं, असं त्यांचं म्हणणं. घण पडल्याच्या आवाजावरून लोखंड थंड पडत चाललंय का, साचा सरकलाय का, हे त्यांना लांबून कळे. भाऊ घालत नाहीत म्हटल्यावर बाकीच्यांनीही तो सोडला. कानात कापूस घालणारा माणूस कच्चा, असं त्या खात्यात ठरूनच गेलं. कंपनीच्या कापसाने सगळे यंत्रं पुसत.

आता एक गोष्ट तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण ती आम्हाला फार उशिरा कळली. भाऊंचे कान जात होते. बोलणं त्यांना नीट ऐकू येई, त्यामुळे कुणाला शंका आली नाही, खुद्द त्यांनाही नाही. गेला होता तो वरचा, बारीक आवाज. आणि लोखंडातली चीर त्याच आवाजात बोलते.

खुणा होत्या. घरचा कुकर बिघडलाय म्हणून भाऊंनी त्याची शिट्टी बदलली, मग ती नवी शिट्टीही बदलली. "कंपनीने धातू बदललाय. पूर्वीसारखा वाजत नाही," असा त्यांचा निष्कर्ष. वहिनी मला म्हणाल्या, "मला तर वाजताना ऐकू येते गं. पण ह्यांच्याशी धातूवरून वाद कोण घालणार?" सायकलच्या घंट्याही हल्ली भेसळीच्या निघतात असं ते म्हणत. एवढा शहाणा माणूस, पण दोष स्वतःत असेल हे काही त्याच्या मनात आलं नाही. सगळा दोष धातूचा.

अशात गोल्फ आलं.

आमचे मोठे साहेब फौजेतून निवृत्त झालेले. गेस्ट हाऊसच्या मागच्या माळावर त्यांनी गवत कापून घेऊन तीन खड्डे केले होते आणि सकाळी ते एकटेच तिथे चेंडू मारत. शेजारच्या गावच्या म्हशी त्याच गवतावर चरत, म्हणून आधी म्हशी हाकलायच्या आणि मग खेळायचं, असा तो खेळ. घणावर काम करणारा पोशीरचा बाळाराम त्या काठ्यांना "सायबाची हाकी" म्हणे. साहेबांच्या मेहुण्याने परदेशातून त्यांना लोखंडी काठ्यांचा नवा संच पाठवला. आणि साहेब एक दिवस दोन काठ्या घेऊन थेट आमच्या प्रयोगशाळेत आले.

"भाऊ, हे काय गौडबंगाल आहे सांगा. ह्या नव्या काठीने चेंडू सरळ जातो. चुकून कडेला लागला तरी सरळ जातो. पण हाताला दगड मारल्यासारखं वाटतं. माझी जुनी काठी बघा. चेंडू नीट बसला की लोण्यात सुरी गेल्यासारखं. लोखंड ते लोखंड. मग एक मऊ कसं लागतं?"

भाऊंनी दोन्ही काठ्या हातात घेतल्या आणि अर्थातच वाजवल्या. मग म्हणाले, "एक कापावी लागेल."

साहेब पांढरे पडले. पण संचात दोन नंबरची म्हणून एक काठी असते, ती त्यांना जन्मात जमली नव्हती. दोन्ही संचांतल्या दोन नंबरच्या काठ्या त्यांनी मोठ्या आनंदाने भाऊंना दान केल्या.

आम्ही त्या कापल्या, घासून आरशासारख्या केल्या आणि वर आम्ल लावलं. जुनी काठी आमच्या मालासारखीच ठोकून घडवलेली निघाली. तिच्यात लोखंडाच्या रेषा मानेतून खाली वळत डोक्यात उतरल्या होत्या, जसं फांदीचं लाकूड खोडातून निघतं तसं. नवी ओतीव होती. आधी मेणाची काठी करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पोलाद ओतायचं. तिचं पोट गुळाच्या ढेपेसारखं रवाळ होतं. पण ओतल्यामुळे हवा तो आकार देता येतो, म्हणून तिची पाठ पोकळ ठेवून सगळं वजन कडांना नेलं होतं. फटका मध्यावर बसला नाही तरी काठी हातात फिरत नाही, ती त्यामुळे. म्हणजे चेंडू सरळ का जातो ते कळलं. मऊ का लागतं ते मात्र कळलं नाही.

"सोपं आहे," मी म्हटलं. तेव्हा मला सगळंच सोपं वाटे. "जुन्या काठीचं पोलाद मऊ आहे, नवीचं कडक. मोजून बघा."

आम्ही मोजलं. माझं बरोबर होतं. मी खूश झाले. भाऊंनी साहेबांचा चेंडू माझ्या तळहातावर ठेवला.

"दाब. ह्याच्यापुढे दोन्ही पोलादं दगडच आहेत ना? रबराला काय कळणार कोण किती कडक आहे ते?"

दुसरा कुणी असता तर इथे थांबला असता. भाऊंच्या अंगात मात्र ते भूत शिरलं. आधी त्यांनी दांड्याचा विचार केला. पूर्वी दांडे लाकडाचे असत म्हणे. मग त्यांनी धामणीच्या लाकडाचा दांडा करवून घेतला, इकडे कुऱ्हाडीला बसवतात तसा, पण बारीक. तो फटक्यासरशी असा लवला की चेंडू पुढे जाण्याऐवजी म्हशीकडे गेला. हाताला मात्र गोड लागला. मग साहेबांनी सांगितलं की लांब मारायच्या काठीचं डोकं लाकडाचंच असतं, कुठल्या तरी अमेरिकन फळझाडाच्या. भाऊंनी मुंबईला जाऊन त्या झाडाची चौकशी केली आणि उड्या मारत परत आले. ते झाड आपल्या टेंभुर्णीचं भावंड निघालं. जिच्या पानांच्या विड्या वळतात ती टेंभुर्णी! कर्जतच्या सुताराकडून त्यांनी टेंभुर्णीच्या ठोकळ्याचं डोकं कोरून घेतलं. लाकूड वाळायला आमच्या भागात जसं कुणीही करील तसं केलं, भाताच्या कणगीत पुरून ठेवलं. ओलावा भात शोषून घेईल, हा हिशेब. पण कणगीतली कीडमुंगी आणि ओल दोन्ही लाकडात गेली. साहेबांनी पहिला फटका मारला तेव्हा चेंडू जागेवर राहिला आणि डोकं शेतात गेलं. साहेब बराच वेळ हातातल्या नुसत्या दांड्याकडे बघत उभे होते. वहिनींना त्या वर्षी भात निवडताना लाकडाचा भुसा सापडत राहिला आणि त्यांनी तो भाऊंना ताटात वाढायची धमकी दिली.

एवढं सगळं होऊन भाऊ एका दुपारी प्रयोगशाळेत आले आणि माझ्या टेबलावर बसले. ते असे कधी बसत नसत.

"अगं, आपण चुकीच्या जागी शोधतोय. साहेब म्हणतात हाताला लागतं. पण ते हातालाच लागतं कशावरून?"

मग त्यांनी जो प्रयोग मांडला तो मला आजही आवडतो. एक जुनी काठी आणि एक नवी. दोन्हींना सारखाच पोलादी दांडा, सारखीच चामड्याची मूठ. वजनात फरक होता, तो शिशाचा पत्रा चिकटवून काढून टाकला. डोक्यांशिवाय काही वेगळं उरलं नाही. मारणाऱ्याच्या डोळ्यांवर पंचा बांधायचा. भाऊ त्याच्या हातात एक काठी देणार, ती चेंडूमागे टेकवून देणार. त्याने वीतभर मागे नेऊन टोला द्यायचा आणि जुनी की नवी ते सांगायचं. एकदा उघड्या कानांनी, एकदा कानात मेणकापूस कोंबून.

सुट्टीच्या सकाळी आम्ही माळावर जमलो. साहेब, बाळाराम, मी, आणि डबा घेऊन आलेल्या वहिनी. भाताची कापणी होऊन गेली होती, शेतं मोकळी होती. साहेबांनी उघड्या कानांनी एकही चूक केली नाही. बाळाराम दोन टोल्यांत तयार झाला. "ही वाजतीया कशी बगा, पितळी हंड्यावानी. आन ती जुनी नुसती टक् करती." मलाही ओळखता आलं, आणि खेळाचं मला ओ की ठो कळत नव्हतं.

मग कानात कापूस. आणि आमची त्रेधा उडाली. साहेब छातीठोकपणे "जुनी" म्हणाले ती नवी निघाली. बाळाराम म्हणाला, "दोनी सारख्याच हायत, भाऊ, कायतरी गफलत हाय." मीही वाटेल ते सांगत सुटले. थोडं काही तरी हातात जाणवे, नाही असं नाही, पण त्याच्यावर पैज लावता आली नसती.

भाऊ नाचायचेच बाकी होते. "साहेब, तुमचं लोणी कानात आहे! काठी वेगळी वाजते, आणि तुम्ही समजता हाताला कळलं! पाठ पोकळ, म्हणून वाजते. इतकी वर्षं माणसं लोखंडाला मऊ म्हणताहेत आणि मऊ आहे तो आवाज!"

साहेबांना हे फारसं आवडलं नाही, पण ते हसले. भाऊंनी पंचा उचलला. "आता मी. हातात घेतल्याशिवाय मत नको."

काठ्या द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी नवी दिली. भाऊंनी टोला दिला.

"जुनी."

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी परत नवीच दिली. "जुनी," ते म्हणाले. मग जुनी दिली. त्यांनी मान तिरकी केली, कप वाजवताना करत तशी. "ही... नवी असावी."



"भाऊ, वारा सुटलाय," बाळाराम घाईघाईने म्हणाला. "आवाज उडून जातोय ना."

"मला अंगाला वारा लागत नाहीये, बाळाराम."

त्यांनी पुन्हा टोले दिले. पुन्हा तेच. मग काठी बगलेत धरून त्यांनी दोन्ही करंगळ्या कानांत घालून बघितल्या.

"कापूस राहिलाय का गं आत?"

"नाही भाऊ."

पंचा त्यांनी सावकाश सोडला. मला वाटलं होतं ते ओशाळतील किंवा चिडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर तेच कुतूहल होतं, काही तरी नवं हाती लागल्यासारखं. "म्हणजे मला उघड्या कानांनी तेवढंच ऐकू येतं जेवढं तुम्हाला कापूस घालून. बोलणं येतं. हे येत नाही." ते वहिनींकडे वळले. "कुकरची शिट्टी?"

"वाजते हो," वहिनी म्हणाल्या. "पहिलीही वाजत होती."

आणि मग ते कुतूहल त्यांच्या चेहऱ्यावरून उतरलं. ते उतरताना मी पाहिलं आणि मला अजूनही ते पाहायला नको होतं असं वाटतं. ते म्हणाले, "मग माझ्या तपासणीच्या बाकावरचा माल?"

बाळाराम पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत होता.

"बाळाराम, मी विचारतोय."

"मी बगतो, भाऊ. तुमी डबा खायला जाता तवा. पास झालेला माल मी परत वाजवतो."

"केव्हापासून?"

"दिवाळीपास्नं."

"सापडलं काही?"

"सापडलं थोडं. पन गेलं नाय कुटं. सगळं बाजूला काढलं, आईशप्पत. तुमी नाय घाबरायचं."

भाऊ खाली बसले, तिथेच, माळावरच्या कापलेल्या गवतावर. "आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगनार, भाऊ?" बाळारामचा आवाज चढला. त्याला राग आला होता आणि तो कुणाचा ते त्यालाही कळत नसावं. "आमाला वाजवायला तुमीच शिकवलं."

पुढचे काही दिवस भाऊ कारखान्यात आले नाहीत. आले ते थेट मोठ्या साहेबांच्या खोलीत. सह्यांसाठी मी तिथेच उभी होते, म्हणून मला हे ऐकायला मिळालं. साहेब मनाने चांगला माणूस. ते म्हणाले, "भाऊ, निवृत्तीला आता थोडीच वर्षं राहिलीत. बाळाराम बघतोच आहे मागून. जसं चाललंय तसं चालू दे. बाकावर तुम्हीच असा."

"आणि एखाद्या दिवशी बाळाराम आजारी पडला तर?"

साहेबांनी समोरचे कागद सरळ केले.

"त्या आकड्याखाली माणूस असतो साहेब," भाऊ म्हणाले. त्या वाक्याची नक्कल मीही केली होती. त्या दिवशी मात्र मला ते ऐकवेना.

भाऊंनी स्वतःच मागून बाक सोडला. दिवाळीच्या आधी गेलेल्या मालासाठी गिऱ्हाइकांकडे माणसं पाठवायला लावली, जो परत मिळेल तो आणवला. कंपनीला ते महागात पडलं आणि वरच्या लोकांनी भाऊंना बरंच ऐकवलं. तेवढं मात्र त्यांना व्यवस्थित ऐकू आलं, असं ते स्वतःच हसत सांगत. मग ते रोज सकाळी घणाच्या खात्याच्या दारात उभे राहू लागले. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर वहिनींनी वळलेले कापसाचे बोळे ठेवायचे आणि तो ते कानात घालतोय का ते बघायचे. पोरं कुरकुरत. "भाऊ, तुमी तर कदी घातला नाय!" भाऊ म्हणत, "म्हणूनच तुला सांगतोय, गाढवा." कच्चा माणूस म्हणून कुणाची टर उडवायची आता कुणाला सोय राहिली नाही.

बाकावर बाळाराम आला. पहिल्या दिवशी तो चांगलाच घाबरला होता. भाऊ त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. मी कसलेसे नमुने न्यायला गेले होते, पण तिथेच रेंगाळले.

बाळारामने पहिला आकडा टांगला आणि ठोका दिला.

"सांग," भाऊ म्हणाले.

"बरा हाय."

"बरा नको. कसा आहे ते सांग."

बाळाराम बोलण्यातला माणूस नव्हे. तो अडखळला. "लांब जातोय, भाऊ. निगाला तो निगालाच. तिकडं खिडकीपातुर जातोय, आन मंग हलू हलू कमी व्हतोय."

"जाऊ दे," भाऊ म्हणाले. डोळे मिटून ते ऐकत होते. आकड्याचं नव्हे, बाळारामचं.

असे बरेच नग झाले. मग एक आकडा आला. दिसायला देखणा, घासलेला, निळसर चमकणारा. बाळारामने ठोका दिला, पुन्हा दिला, आणि खांद्यावरच्या पंच्याने कपाळ पुसलं.

"ह्यो नाय, भाऊ. ह्यो सुरू व्हतोय चांगला, पन मधीच कुनी तोंडावर हात ठेवल्यावानी व्हतंय. माझंच कायतरी चुकत आसंल. तुमी बगा एकदा."

त्याने हातोडी भाऊंपुढे धरली. मला वाटलं, आता हे घेणार. पाऊस पडतोय का ते बघायला हात बाहेर काढणारा माणूस तो. भाऊंनी हातोडीकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. मग उठले, साखळीवरून आकडा सोडवला आणि स्वतःच्या हातांनी नेऊन भंगाराच्या ढिगात टाकला.

"पुढचा घे," ते म्हणाले.